खांद्यावरची कुऱ्हाड

एटापल्लीला माझा भाचा नोकरीनिमित्त असतो. त्याच्याकडे आठ दिवस राहिलो, तेव्हा मला मौज वाटली ती तिथल्या माडिया माणसांच्या खांद्यावरल्या कुऱ्हाडीची. बाजाराला निघोत की पाहुणे म्हणून निघोत, पाते खांद्याला अडकवलेलेच! पण म्हणून ते दिसेल त्यावर चालत नाही. बांबूची तोड पावसाळ्यात बंद, आणि मोसमातसुद्धा त्या वर्षीच्या कोवळ्या बांबूला हात लावायचा नाही.

भाच्याची बायको जीवशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, “मामा, अशी हत्यारे तुमच्या अंगातही आहेत की!”

कातडीवर ऊन पडले, की पेशीतल्या डीएनएच्या धाग्यावरची शेजारची दोन अक्षरे कधीकधी एकमेकांना चिकटून बसतात. ती गाठ काढायला पेशीजवळ दोन विकरे आहेत, म्हणजे कातऱ्याच म्हणा ना. नावे मात्र रुक्ष : एक्सपीएफ आणि एक्सपीजी. एक गाठीच्या अलीकडे कापते, दुसरी पलीकडे. सुमारे तीस अक्षरांचा तुकडा गळून पडतो, आणि समोरच्या धड धाग्यावरून ती जागा पुन्हा भरून काढतात. तो धड धागाच कापला गेला तर नक्कल कशाची करायची? म्हणून आरपीए नावाचे प्रथिन त्याला बिलगून बसते आणि पाते बिघडलेल्या धाग्याकडे वळवते.

मला आवडली ती एक्सपीजी. ती आधीच जागेवर येऊन बसते, पण कापीत नाही. एक्सपीएफचा काप होतो, भरणी सुरू होते, आणि मगच हिचे पाते चालते. तोवर नुसता टेकू देऊन उभी! घाई केली तर धाग्याला उघडे भगदाड पडून राहायचे.

या दुरुस्तीचा उलगडा करणारे अझीझ संजार तुर्कस्तानातल्या सावुर या लहान गावचे, आणि आधी डॉक्टर. 2015 साली रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांतले ते एक.

नावांतले ‘एक्सपी’ मात्र एका रोगाचे आहे, झेरोडर्मा पिग्मेंटोसमचे. जन्मतःच ही दुरुस्ती ज्यांना साधत नाही, अशा मुलांना ऊन वैरी होते. कोवळ्या वयात कातडीचा कर्करोग गाठतो. आईबाप त्यांना दिवसा घराबाहेर सोडीत नाहीत.

हे ती सांगत होती तेव्हा तिचा मुलगा समोर धानाच्या बांधावर उघड्या डोक्याने हुंदडत होता. तिने टोपीसाठी तीनदा हाक मारली. तो काही आला नाही.