पदरी घेणे

मराठी बायबलात, योहानाच्या पहिल्या पत्रात, पाप 'पदरी घ्यायचे' असते. नगरच्या आमच्या मंडळीत हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकले होते की त्यात एक पदर आहे हे कधी जाणवलेच नाही. ते जाणवले लग्नानंतर चेन्नईत, तमिळ उपासनेत बसू लागल्यावर. इथे त्याच वचनात 'अरिक्कै' हा शब्द आहे. अरिक्कै म्हणजे जाहीर निवेदन. वादळाच्या दिवसांत वेधशाळा देते ते अरिक्कै आणि पक्षांचा निवडणूक जाहीरनामा तोही अरिक्कैच. तमिळ कॅथलिकांचा जुना शब्द आणखी वेगळा, 'पावसंकीर्तनम्'. पावम् म्हणजे पाप. पण संकीर्तन म्हटले की मराठी कानाला टाळ-मृदंगच ऐकू येतो. पापाचे संकीर्तन कसे करायचे, हे मला बरेच दिवस कळेना.

चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना 27 सप्टेंबर 1947 रोजी याच शहरात, सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये झाली. तिच्या उपासनेत सगळी मंडळी मिळून पापांगीकार करते. आमच्या बायबल अभ्यासाला येणाऱ्या तरुण मुलांना हेच खटकते. ख्रिस्ताने वधस्तंभावर सगळ्यांची भरपाई एकदाच केली, मग पुन्हा पुन्हा कबुली कशाला? प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत 'ऋण' आहे आणि तमिळमध्येही 'कडन', म्हणजे कर्जच. फिटलेल्या कर्जाचा हप्ता कोण भरतो, असे एकाने विचारले. प्रश्न बिनतोड आहे. ख्रिस्तात असलेल्यांवर आता दंडाज्ञा नाही असे रोमकरांस लिहिणारा पौलही त्यांच्याच बाजूचा.

उत्तरादाखल आम्ही वडीलधारी मंडळी योहानाचा तेरावा अध्याय काढतो. पेत्र म्हणतो, पायच काय, हात आणि डोकेही धू. येशू त्याला सांगतो की न्हालेल्या माणसाला पाय तेवढे धुवावे लागतात. चपला दाराबाहेर काढणाऱ्या या गावात हे वेगळे समजवावे लागत नाही. रस्त्याची धूळ लागली म्हणून सकाळची अंघोळ वाया जात नाही, आणि अंघोळ झाली म्हणून कोणी धुळीच्या पायांनी घरात येत नाही.

माझ्यासाठी मात्र हा प्रश्न अभ्यासवर्गापुरता नाही. माझ्या थोरल्या काकांनी आजोबांच्या जमिनीतला आमच्या दादांचा वाटा परस्पर विकला. पुढे काही वर्षांनी काकांना तारणाचा अनुभव आला. मंडळीत उभे राहून ते साक्ष देत, की देवाने माझी सगळी पापे समुद्राच्या तळाशी टाकली. दादा चार बाकांमागे बसून ऐकत. एकदा घरी येताना आईने विषय काढला, तेव्हा एवढेच म्हणाले, "देवानं सोडलं आसंल. माझ्याकडं कुठं मागितलंय?"

काका वारले तेव्हा दादांनी खांदा दिला. क्षमा त्यांच्याजवळ तयार होती, ती न्यायला कोणी आले नाही.

काकांना देवाने क्षमा केलीच नसेल, असे मी म्हणणार नाही. तो हिशेब माझ्याकडे नाही. पण त्यांची साक्ष अरिक्कै होती. ती सगळ्यांना ऐकू गेली, आणि जमिनीचा तुकडा कोणाच्याच पदरी पडला नाही. पदरी घेणे म्हणजे किंमत मोजणे नव्हे. हे माझे आहे, मीच केले आहे, एवढेच त्यात म्हणायचे असते. देवाला ते आधीच ठाऊक असते. ज्याचे नुकसान झाले त्याला ते ऐकायचे असते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हणूनच अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे.

तमिळ कॅथलिक आता त्या संस्काराला 'ओप्पुरवु' म्हणतात, म्हणजे समेट. कुरळच्या बाविसाव्या अध्यायाच्या नावातही हाच शब्द आहे, आणि तो अध्याय आहे समाजाप्रती असलेल्या कर्तव्याचा.

मुलांना मी आता एवढेच सांगते: कर्ज फिटले, हे खरे. त्यासाठी रविवारी काही भरायचे नाही. पण कोणाचे काय घेतले होते, हे त्याच्या दारात जाऊन सांगायचे राहिले असेल, तर त्याची आठवण कधीतरी व्हायला हवी. आठवड्यातून एकदा हे फार नाही.