उतार जाणणारा वाटाड्या

जालना जिल्ह्यास समुद्र नाहीं. तेथील मुलांस पाणी ठाऊक असतें तें विहिरीचें, तलावाचें आणि पावसाळ्यांत भरून वाहणाऱ्या केळना, पूर्णा, दुधना या नद्यांचें. तरीहि अनोळखी पाण्यांत उतरतांना वाटाड्या कोण असावा, याविषयींचा एक जुना धडा याच जिल्ह्यांत मिळतो. सुटींत सहकुटुंब मालवणास जाऊन समुद्राच्या तळाशीं बुडी मारण्याची हौस आतां आपल्या घरांतहि शिरली आहे. म्हणून तो धडा येथें सांगावासा वाटतो.

भोकरदनच्या बाजूस असई हें लहानसें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा येथें केळना व जुई या नद्यांच्या बेचक्यांत होत्या. जवळ कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, आणि समोर केळनेचें पात्र. जागा मोठी बळकट. दक्षिणेकडून आलेला इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली, जो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आला, नदी ओलांडण्यास जागा शोधूं लागला. त्याच्या वाटाड्यांनीं निक्षून सांगितलें कीं, या बाजूस उतार नाहीं. परंतु दूरवर नदीच्या दोन्ही कांठांवर समोरासमोर वसलेलीं दोन खेडीं त्यास दिसलीं. इतक्या जवळ राहणारीं माणसें एकमेकांकडे गेल्यावांचून राहावयाचीं नाहींत, तेव्हां येथें उतार असलाच पाहिजे, असा त्यानें तर्क केला. उतार निघाला, त्यावर पहारा नव्हता. पुढच्या कांहीं तासांत दोन्ही बाजूंचीं हजारों माणसें मेलीं किंवा जायबंदी झालीं, आणि मराठ्यांच्या तोफा शत्रूच्या हातीं गेल्या.

या हकीकतींत सेनापतीच्या बुद्धीचें कौतुक सर्वच करतात. आमचें मन मात्र त्या दोन खेड्यांकडे जातें. तेथील गुराखी, बाजारास जाणारा कुणबी, पलीकडे माहेर असलेली सासुरवाशीण, यांपैकीं कोणासहि विचारलें असतें तरी त्यानें उतार दाखविला असता. फौजेबरोबरचे वाटाडे याच देशांतले असले तरी त्या पाण्याचे नव्हते. जो रोज पाय भिजवून पलीकडे जातो, तोच पाण्याचा खरा वाटाड्या.

आतां मालवणाकडे वळूं. जालन्याहून हें अंतर पांचशें किलोमीटरांहून अधिक. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोंवतालचा समुद्र खडकांनीं भरलेला आहे. होडी कोठून न्यावी व कोठून नेऊं नये, हें तेथील तांडेलच जाणतात. याच खडकांच्या आश्रयानें पोंवळीं व नाना रंगांचे मासे नांदतात. १९८७ सालीं येथील सुमारें २९ चौरस किलोमीटरांचा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. शेजारीं तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें पाणबुड्यांस शिक्षण देणारी संस्था काढली आहे. पूर्वीं केवळ मासेमारी करणाऱ्या गाबीत घराण्यांतील कित्येक तरुण आतां पाहुण्यांस हात धरून पाण्याखालीं नेतात.

या बुडीस स्कूबा म्हणतात. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं जें श्वसनयंत्र सिद्ध केलें, त्यांतूनच ही विद्या सर्वांच्या आवांक्यांत आली. पाठीवरच्या नळकांड्यांत निव्वळ प्राणवायु असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु बहुधा त्यांत आपली नेहमींचीच हवा दाबून भरलेली असते. समुद्रांत १० मीटर खालीं गेलें कीं अंगावरील दाब दुप्पट होतो. म्हणून उतरतांना नाक धरून हळूच फुंकर मारीत कान मोकळे करावे लागतात. वर येतांना श्वास कोंडून धरला तर छातींतील हवा प्रसरण पावून फुप्फुसांस इजा होते. सबब पाण्याखालीं श्वास कधींहि रोखावयाचा नाहीं. तेथें बोलणें नसतें, खुणा असतात. जमिनीवर आंगठा वर केला तर ‘छान’ असा अर्थ होतो; पाण्याखालीं त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा आहे. या गोष्टी कोणताहि चांगला शिक्षक शिकवील. खोल व वारंवार बुड्या मारणाऱ्यानें त्याच दिवशीं घाट चढून घरीं परतण्याची घाई करूं नये, हेंहि तो सांगेल. कारण दाबाखालीं रक्तांत मुरलेला नत्रवायु निघून जाण्यास वेळ लागतो.

परंतु आज पाणी कसें आहे, हें पुस्तकांत लिहिलेलें नसतें. पहांटेचा मतलई वारा पडून समुद्रावरचा वारा केव्हां सुरू होईल, उधाणाच्या दिवसांत कोणत्या खडकापाशीं ओढ लागते, खाडीचें गढूळ पाणी कोणीकडे पसरतें, हें ज्याचा बाप व आजा त्याच पाण्यावर जगले, त्यासच ठाऊक. आणि या ज्ञानाचें सार पुष्कळदां ‘आज नको’ या दोन शब्दांत असतें. असईच्या वाटाड्यांचा नकार अज्ञानाचा होता. मालवणच्या तांडेलाचा नकार अनुभवाचा असतो. दोन्ही नकार ऐकावयास सारखेच. भेद इतकाच कीं, एकाचा पाय त्या पाण्यास लागलेला नाहीं, दुसऱ्याचें पोट त्यावर आहे.

हा नकार देणें त्यास सोपें नसतें. पावसाळ्यांत धंदा बंद. उरलेल्या महिन्यांत प्रत्येक फेरी म्हणजे घरची चूल. त्यांत पाहुणे म्हणतात, “अहो, इतक्या लांबून आलों, मुलें हिरमुसतील; थोडें खालीं नेऊन आणा.” अशा आग्रहानें त्याच्या जिभेवरचा नकार परत जातो. मे २०२२ मध्यें तारकर्लीजवळ बुडीच्या सहलीहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक मृत्यु पावले. या एका गोष्टीची आठवण ठेवली तरी कोणी समुद्रावर हट्ट धरणार नाहीं.

म्हणून आमची गृहस्थांस सूचना अशी. प्रवासांत एक दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे नकार आला तर चरफड होणार नाहीं. वाटाड्या स्थानिक असावाच. पण तेवढ्यानें भागत नाहीं. त्यानें रीतसर शिक्षण घेतलें आहे काय, एका वाटाड्याच्या हातीं किती माणसें असतात, होडींत प्रत्येकास पुरतील इतकीं जीवरक्षक जाकिटें व प्रथमोपचाराचें साहित्य आहे काय, हें विचारण्यास संकोचूं नये. दमा, हृदयविकार, कानाचें दुखणें त्याच्यापासून लपवूं नये. पोंवळ्यांस हात लावूं नये; तीं मोडलीं तर मासे जातात, आणि माशांबरोबर त्या घराची मिळकतहि जाते. आणि दर ठरवितांना चार पैशांसाठीं घासाघीस करण्यापेक्षां आरंभींच त्यास सांगावें, “दादा, पाणी बरें नसेल तर स्पष्ट सांगा; आम्ही उद्यां येऊं.” एवढें ऐकलें म्हणजे खरें बोलण्यास त्यास धीर येतो, आणि आपल्या मुलांचा हात त्याच्या हातीं देण्यास आपणांसहि.