टूल काय करत नाही

एआय एजंटच्या हाती द्यायच्या टूलचं वर्णन लिहिताना पहिली दोन वाक्यं कुणीही लिहितं: टूल काय करतं आणि त्याला कोणती माहिती लागते. घोडं अडतं ते तिसऱ्या वाक्यापाशी, हे टूल काय करत नाही हे सांगताना. आपण बनवलेल्या वस्तूच्या मर्यादा आपल्याला इतक्या सवयीच्या झालेल्या असतात, की त्या लिहायच्या राहून गेल्यात हे लक्षातच येत नाही. ऑर्डर शोधणारं एखादं टूल घ्या. समजा, ते फक्त गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी धुंडाळतं. वर्णनात मात्र एवढंच आहे: ‘ग्राहकाच्या ऑर्डरी शोधतं.’ जुनी ऑर्डर विचारली की उत्तरात रिकामी यादी येते आणि एजंट ग्राहकाला नम्रपणे सांगतो, तुमच्या नावावर ऑर्डरच नाही. कुठे एरर आली नाही, लॉगमध्ये काही लाल दिसत नाही, आणि तरी ग्राहकाला खोटं सांगितलं गेलं. रिकाम्या यादीचा अर्थ ‘ऑर्डर नाही’, ‘पाहायची परवानगी नाही’ की ‘एवढं मागचं मी पाहत नाही’, हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

यावर हमखास म्हटलं जातं, की मॉडेलं हुशार होत चालली आहेत, त्यांना कळेल. जे कागदावर नाही, ते हुशारीनं कसं कळणार? रेझरपे या पेमेंट सेवेच्या एपीआयमध्ये रक्कम पैशांत द्यावी लागते. ५०० रुपयांसाठी ५०००० लिहायचं. त्यावर बेतलेल्या परताव्याच्या टूलमध्ये ‘रक्कम, इंटिजर’ एवढंच लिहिलं, तर ५०० हा आकडा स्कीमाच्या सगळ्या कसोट्यांना उतरतो आणि ग्राहकाला पाच रुपये जातात. उलट बाजू याहून वाईट. तुमचं टूल रुपयांत रक्कम घेऊन आतल्या आत पैसे करत असेल, तर रेझरपेची रीत आठवणारं हुशार मॉडेल रुपयांच्या जागी ५०००० घालण्याची शक्यता जास्त. इथे जाणकारीच घात करते. पॅरामीटरचं नावच ‘रक्कम पैशांत’ असं ठेवलं, तर वर्णनातल्या चार सूचना वाचतात. जिथे नावानं किंवा ठरावीक पर्यायांच्या यादीनं काम भागतं, तिथे गद्य लिहू नये, या मतावर मी ठाम आहे.

मग माणसांसाठी लिहिलेलं एपीआयचं डॉक्युमेंटेशन जसंच्या तसं का देऊ नये? देणारे पुष्कळ आहेत. ओपन-एपीआयच्या फाइलीतून शंभर टूल्स एका फटक्यात काढणाऱ्यांचं काम मला काम वाटत नाही. माणूस डॉक्युमेंट एकदा वाचतो, चाचणी करतो, फसतो, शेजारच्या टेबलावर विचारतो आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवतो. एजंटला स्वतंत्र स्मृतीची सोय केली नसेल, तर तो दर वेळी तेच वर्णन पहिल्यांदा वाचतो आणि वाचता वाचता निर्णय घेतो. शिवाय वर्णनं विनंतीबरोबर जातात तेव्हा प्रत्येक शब्दाचे टोकन मोजावे लागतात आणि कामाचं वाक्य पसाऱ्यात हरवतं. ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘नेहमी हेच वापरा’ असा आरडाओरडा करणारी वर्णनं तर मला सहनच होत नाहीत. सगळेच ओरडले तर ऐकायचं कुणाचं? याउलट, युनिक्सच्या १९७१च्या मॅन्युअलमध्ये आज्ञेच्या माहितीखाली ‘बग्ज’ नावाचा भाग असे आणि लिहिणारे तिथे आपल्या प्रोग्रामची उणीव सरळ नोंदवत. तो प्रामाणिकपणा आमच्या धंद्यातून ओसरला, कारण वर्णनाची हळूहळू जाहिरात झाली. कमीत कमी शब्दांत बसवलेल्या वर्णनाचा मलाही अभिमान वाटतो. त्यात कुणी मर्यादेचं एक ओबडधोबड वाक्य घुसवलं की मनाला लागतं, आणि बहुधा तेच वाक्य सगळ्यात गरजेचं असतं.

हद्द सांगणं आता आणखी अवघड झालं आहे. ओपन-एआयनं जून २०२३मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला टूल्स पुरवण्याची सोय, आणलं, तेव्हा टूल्सची यादी सहसा एकाच घरात लिहिली जाई. शेजारचं टूल माहीत असे, त्यामुळे ‘एकाच ऑर्डरची स्थिती हवी असेल तर ते दुसरं टूल वापरा’ असं नाव घेऊन लिहिता येई. ॲन्थ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला आणि वेगवेगळ्या घरांची टूल्स एकाच यादीत येऊन बसू लागली. आता माझ्या टूलशेजारी कोण असेल, हे लिहिताना मला ठाऊक नसतं. म्हणून हद्द डेटाच्या भाषेत आखावी लागते: कोणत्या तारखेपासूनच्या, कोणाच्या, कोणत्या स्थितीतल्या ऑर्डरी. तेही पुरत नाही. दोन टूल्सनी आपापली हद्द चोख सांगितली आणि त्या हद्दी एकमेकींत शिरत असल्या, तर निवड कशी करायची हे दोघांपैकी एकाच्याही वर्णनात बसत नाही. ते एजंटला सूचना लिहिणाऱ्या तिसऱ्या माणसाला ठरवावं लागतं, आणि त्यानं दोन्ही वर्णनं शेजारी ठेवून वाचलेली असतील, याची खात्री वर्णन लिहिणाऱ्याला कुठूनच मिळत नाही.