गाडी आली, पत्र मागंच राहिलं

खामगाव असो, चिखली असो की मलकापूर, सेकंड हँड गाडी बघायला गेलेला आपला माणूस टायरची नक्षी बघतो, इंजिनचा आवाज ऐकतो, पत्र्यावर बोटं फिरवून लांबी भरलीय का याचा अंदाज घेतो. किलोमीटर मागं फिरवलेत का, यावरून दलालाशी हुज्जत घालतो. एअरबॅगबद्दल मात्र तो एकच प्रश्न विचारतो, "आहे ना?" स्टिअरिंगवर 'एसआरएस' अशी तीन अक्षरं दिसली की त्याचं समाधान होतं.

मी विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघात झालेल्या गाडीचं नुकसान मोजणं हे माझं काम. घाटावर मेहकर-सिंदखेडराजाच्या पट्ट्यातून समृद्धी महामार्ग जातो, घाटाखाली खामगाव-नांदुरा-मलकापूर असा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. दोन्हीकडच्या गाड्या माझ्यापुढं येतात. आपल्या बुलडाण्याच्या एमएच-28 बरोबर त्यांत एमएच-04, एमएच-43, एमएच-46 हे नंबरही असतात. ठाणे, नवी मुंबई, पनवेलकडे काही वर्षं चाललेल्या आणि मग इकडे विकल्या गेलेल्या या गाड्या. मालक बुलडाण्याचा असतो, कागदावर अजून पनवेलचं नाव असतं. मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवलेल्या असतात, "करू निवांत" म्हणून.

या निवांतपणात काय हुकतं ते सांगण्याआधी एअरबॅग चालते कशी ते बघू. धडक बसली की गाडीतला सेन्सर वेगात झालेली अचानक घट मोजतो. कंट्रोलर, म्हणजे सीटांच्या मधल्या कन्सोलखालची छोटी पेटी, ती घट धोक्याची आहे का ते ठरवतो आणि वीज सोडतो. स्टिअरिंगमागच्या धातूच्या डबीतलं रसायन पेटतं, वायू तयार होतो, पिशवी फुगते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. थोडक्यात, आपल्या छातीसमोर मोजूनमापून केलेला एक छोटा स्फोट असतो. डिसेंबर 2024 मध्ये वाशीला एका मोटारीची एअरबॅग उघडली आणि पुढच्या सीटवरच्या सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. शेगावच्या वारीला जाताना लेकराला मांडीवर घेऊन पुढं बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

स्फोटाचं माप चुकलं तर काय होतं ते जगानं टाकाटाच्या प्रकरणात बघितलं. या जपानी कंपनीनं डबीत अमोनियम नायट्रेट वापरलं. ते स्वस्त होतं, पण हवेतली ओल धरतं, आणि उष्णतेच्या चढउतारानं त्याच्या स्फटिकांची रचना बदलते. वर्षानुवर्षं दमट हवेत तापून-निवून त्या गोळ्यांचा भुगा होतो. भुगा गोळीपेक्षा फार वेगानं जळतो, दाब बेसुमार वाढतो आणि डबीच फुटून तिचे तुकडे पिशवी फाडून माणसाच्या मानेत, चेहऱ्यात घुसतात. एकट्या अमेरिकेत अशा 6 कोटी 70 लाख डब्या परत मागवाव्या लागल्या. तिथं दोन डझनांहून जास्त माणसं मेली. 2017 मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे होंडानं जुलै 2016 मध्ये 1,90,578 गाड्या आणि जानेवारी 2018 मध्ये 2013 सालच्या 22,834 अकॉर्ड, सिटी, जॅझ याच कारणासाठी बोलावल्या.

आता ओल आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. पाच-सहा पावसाळे कोकणपट्टीच्या दमट हवेत उभी राहिलेली गाडी त्यानंतरचे उन्हाळे आमच्या मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हात काढते. अमोनियम नायट्रेटला याहून वाईट दिवस दाखवता येणार नाहीत. आणि गाडी परत बोलावण्याचं, म्हणजे रिकॉलचं, पत्र जातं कुठं? कंपनीच्या दप्तरात जो मालक आणि जो मोबाइल नंबर आहे तिथं, म्हणजे पनवेलच्या फ्लॅटवर. ते दप्तर बहुधा गाडी कंपनीच्या वर्कशॉपला गेली की बदलतं. आमच्याकडे जुनी गाडी तिथं सहसा जात नाही, ती ओळखीच्या गॅरेजला जाते. मिस्त्री ऑइल बदलतो, क्लच प्लेट बदलतो, चांगलं बदलतो. पण त्याच्याकडे कंपनीची यादी नसते.

लोक म्हणतात, लाइट बघतो ना आम्ही. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो, काही सेकंदांनी विझतो, म्हणजे सगळं ठीक. या दिव्यावरचा विश्वास हाच माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ आहे. तो दिवा फक्त विजेचं सर्किट जोडलेलं आहे का ते सांगतो. डबीतल्या गोळीचा भुगा झालाय हे त्याला कळत नाही, स्कॅनरलाही कळत नाही.

दिव्याला फसवताही येतं. अपघातात दोन एअरबॅग उघडल्या की नव्या एअरबॅगा, कंट्रोलर, प्रीटेन्शनरवाले सीटबेल्टचे पट्टे, डॅशबोर्ड यांचा खर्च मोठा होतो. काही ठिकाणी मग पिशवी बसवतच नाहीत. नुसतं झाकण शिवून, रंगवून बसवतात आणि पिवळ्या कनेक्टरमध्ये काही रुपयांचा रेझिस्टर खुपसतात. कंट्रोलरला वाटतं डबी जागेवर आहे. दिवा शहाण्यासारखा लागतो आणि विझतो. पाहणी करताना झाकणाची शिवण, डॅशबोर्डचा पोत आणि पट्ट्यावरची तारीख एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा मला शंका येते. गिऱ्हाइकाला ती कुठून येणार? हे काम करणाऱ्याला मी जुगाडू म्हणत नाही, गुन्हेगार म्हणतो.

कंपनीकडूनही चूक होते, नव्या गाडीतही होते. जानेवारी 2023 मध्ये मारुतीनं 17,362 गाड्या एअरबॅग कंट्रोलर बदलून द्यायला बोलावल्या. 8 डिसेंबर 2022 ते 12 जानेवारी 2023 या काळात बनलेल्या अल्टो के10, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड विटारा त्यात होत्या. भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असंही कंपनीनं सांगितलं. 2014 मध्ये टोयोटानं जगभर बोलावलेल्या गाड्यांत आपल्याकडची इनोव्हा होती. स्टिअरिंगमधली स्पायरल केबल तुटून एअरबॅगचा संपर्क जाण्याची भीती होती. रिकॉलची बातमी आली की "कंपनी फालतू आहे" म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. चूक जाहीर करून गाड्या बोलावणारी कंपनी परवडली.

कायदा आहे, पण आमच्या बाजाराच्या मापाचा नाही. 2012 पासून उद्योगाची ऐच्छिक पद्धत होती. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्या तर सरकार गाड्या परत घ्यायला लावू शकतं, कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. आमच्याकडे गाडी येते तेव्हाच तिची सात वर्षं भरत आलेली असतात.

एअरबॅग का उघडली नाही, हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कधी कारण साधं असतं. उभ्या ट्रकच्या मागं गाडी घुसली की बंपर खालून निघून जातो, मार काचेवर बसतो आणि सेन्सरला हवा तो धक्का मिळतच नाही. बंपरपुढं लोखंडी गार्ड लावला असेल तरी सेन्सरचं गणित बिघडतं. केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच ते गार्ड बेकायदा ठरवले, तरी आमच्याकडे ते हौसेनं बसवतात. पण दर वेळी दोष मालकाचाच नसतो. ह्युंदाई क्रेटाच्या एका खटल्यात, एप्रिल 2022 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ग्राहकानं वेग आणि बलाचं भौतिकशास्त्र शिकून गाडी घ्यावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही. गाडी बदलून द्यायचा आणि भरपाईचा आदेश न्यायालयानं कायम ठेवला. एअरबॅग उघडली नाही तर गॅरेजला हात लावू देण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

या दिवाळीत दारात जुनी गाडी येणार असेल तर हार घालण्याआधी आरसीवरचा 17 अक्षर-अंकांचा चेसिस नंबर घ्या. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका, किंवा अकोला-बुलडाण्याच्या अधिकृत वर्कशॉपला फोन करून विचारा. गाडी नावावर करून घ्या आणि तुमचा मोबाइल नंबर कंपनीच्या दप्तरात चढवा. दोष दिसला तर परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. रिकॉलचं काम फुकट होतं, आणि ते गाडीच्या चेसिस नंबरवर होतं. तुम्ही पहिले मालक की चौथे, हे तिथं कुणी विचारत नाही.