खालचं पान

२००८ साल सरता सरता मंदी आली आणि तिची झळ भोसरीच्या एमआयडीसीतल्या शेडांपर्यंत पोचली. मोठ्या कारखान्यांत गाड्या कमी निघाल्या की सुटे भाग करणाऱ्या छोट्या वर्कशॉपांची कामं आपोआप आटतात. आम्ही चौघं कंत्राटी. सहा पाळ्यांवरून तीनवर आलो. घरभाडं आणि पोरांची फी मात्र तीच राहिली.

आमच्यातल्या एकाचा गळा बरा होता, एकाला कीबोर्ड येत होता, एकाला थोडी गिटार. चौथ्यानं शाळेच्या बँडपथकात ड्रम वाजवला होता. तेवढ्या भांडवलावर आम्ही हळदी-वरातींत वाजवायचं ठरवलं आणि सात हजारांना एक जुना, स्वस्तातला ड्रमसेट घेतला. बावीस इंची बास, बारा आणि तेरा इंची दोन टॉम, सोळा इंची फ्लोअर टॉम आणि चौदा इंची स्नेअर. स्नेअरचं खालचं पान फाटलेलं होतं. आमच्याकडे चौदा इंची एक जादा पान पडून होतं, जाड आणि मजबूत. तेच खाली चढवलं. मजबूत आहे तर चांगलंच, असा आमचा हिशेब.

पहिली सुपारी भोसरी गावठाणातल्या एका हळदीची मिळाली. तिथं स्नेअरनं दगा दिला. काठी पडली की जो करकरीत, फुटणारा आवाज यायला हवा तो येईच ना. नुसतं टम टम. नाचणारी पोरं अर्ध्या तासात डीजेची आठवण काढायला लागली. यजमानानं ठरलेल्या पैशांतले पाचशे कापून घेतले आणि आम्हीही तोंड वर करून काही बोलू शकलो नाही.

हातात तीन हजार उरले. दुसरी सुपारी पंधरा दिवसांवर. कॅम्पातल्या एका दुकानात चौकशी केली, तर नावाजलेल्या कंपनीच्या एकेका पानाला हजाराच्या आसपास किंमत. वरची-खालची मिळून दहा पानं घेतली असती तर पानंच सेटपेक्षा महाग पडली असती. घरी येऊन आमचा वाद सुरू झाला. कुणी म्हणे, बासचं घ्या, लोक त्यावरच नाचतात. कुणी म्हणे, सगळी वरची पानं हलक्या कंपनीची घेऊन टाकू.

चाचा बाजेवर बसून ऐकत होते. तरुणपणी ते जुन्नरकडून नाशिक रस्त्यानं भोसरीला आले, ते कारखान्यात नोकरीसाठी. पण त्यांचा खरा हुन्नर कातडं मढवण्याचा होता. मोहरमचे ताशे, गणपतीचे ढोल, सगळी पानं त्यांच्या हातून जात. बकरीदेनंतर ते बकऱ्याची कातडी निवडत. ताशाला पातळ हवं म्हणून उजेडासमोर धरून बघत. पावसाळी हवेत कातडं सैल पडे, मग कागद पेटवून ताशा शेकायचा आणि पुन्हा वाजवायचा. पुढं ढोल-ताशांना प्लास्टिकची पानं आली. पावसाला न भिणारी, शेकायला न लागणारी. चाचांकडे येणारे एकेक करून थांबले. तेव्हापासून वाद्याला हात लावताना आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं.

हे प्लास्टिक मुळात अमेरिकेतलं. तिथंही ड्रमला वासराचं कातडं असे आणि दमट हवेत त्याचीही हीच गत होई. १९५६ मध्ये चिक एव्हान्स यानं मायलर नावाच्या पॉलिएस्टर फिल्मचं पान बनवलं. १९५७ मध्ये रेमो बेली यानं आपली कंपनी काढली. आज या दोघांची नावं जगभर पानांवरच छापलेली दिसतात. आम्ही हे चाचांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “म्हंजे त्यांनापण पावसानंच पिडलं होतं.”

मग त्यांनी स्नेअर मागून घेतला. वर टिचकी मारली, उलटा केला, खाली टिचकी मारली. “हे कुणी चढवलं? ढोलाची दोन तोंडं कधी सारखी असतात का? एकानं मार खायचा, दुसऱ्यानं बोलायचं. बोलणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबलाय तुम्ही.”

आमच्यातला एक क्वालिटी विभागात होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मायक्रोमीटर आणला. खाली चढवलेलं पान दहा थाऊ निघालं, म्हणजे पाव मिलिमीटर. दुकानात विचारलं तेव्हा कळलं की स्नेअरच्या खालच्या पानाची जाडी साधारण तीन थाऊच असते. ते इतकं पातळ असतं म्हणूनच त्याला टेकलेल्या तारा थरथरतात, आणि तो करकरीत आवाज त्या तारांचा असतो. आमच्या मजबुतीनंच आमचा आवाज मारला होता.

मग खरेदी सोपी झाली. स्नेअरला खाली तीन थाऊचं पान आणि वर खरबरीत पांढऱ्या लेपाचं दहा थाऊचं एकपदरी. उरलेल्या पैशांत एका टॉमसाठी दुपदरी पान, सात-सात थाऊच्या दोन थरांचं. स्वस्त ड्रमचं खोड आणि त्याची कड तितकीशी नेटकी नसते, त्यामुळे आवाजामागं नको ते गुणगुणणं रेंगाळतं. दुपदरी पान ते दाबून टाकतं. बासला नवं पान घेतलंच नाही. आत अम्मीची जुनी गोधडी घडी करून ठेवली आणि घुमणं आवरलं.

पान बसवताना आम्ही एक बोल्ट करकचून आवळायला घेतला, तसा चाचांनी हात धरला. “जोर नको, सबर पाहिजे. याच्यानंतर समोरचा.” आम्हाला हसू आलं. इंजिनाच्या हेडचे बोल्ट आम्ही रोज असेच, समोरासमोर, थोडे थोडे आवळत होतो. नाहीतर हेड वाकडं बसतं. ड्रमही तेच मागत होता आणि आम्हाला सुचलं नव्हतं. आधी सगळे बोल्ट नुसते बोटांनी, मग चावीनं अर्धा अर्धा फेरा. चाचांनी तळहातानं वरचं पान मधोमध दाबून बसवलं आणि प्रत्येक बोल्टपाशी टिचकी मारत, कान खाली नेऊन, आठही ठिकाणी एकच स्वर आणला. खालचं पातळ पान त्यांनी कुणालाच हात लावू दिलं नाही. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा ऐकलं, दोन बोल्ट किंचित फिरवले. ज्या प्लास्टिकनं त्यांचं काम नेलं, त्याच्यावरच त्यांची बोटं इतक्या वर्षांनी चालत होती.

दुसऱ्या सुपारीचे पैसे पूर्ण मिळाले. मंदी ओसरल्यावर आमच्या पाळ्या परत आल्या, पण वाजवणं सुटलं नाही.

चाचा आता नाहीत. त्यांनी बसवलेलं ते खालचं पान आम्ही कितीतरी वर्षं तसंच ठेवलं. वरची चार-पाच बदलली की खालचंही बदलावं, हे आता आम्हाला माहीत होतं, तरी हात होत नव्हता. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाचा मुलगा वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला, “अब्बा, खालचं गेलंय.” त्यानं टिचकी मारली, आम्ही ऐकलं. खरंच गेलं होतं. तीन थाऊचं नवं पान आणलं. त्यानं पहिला बोल्ट बोटांनी फिरवला आणि न सांगता दुसरा समोरचा धरला.