दोरीची लांबी

मामाच्या कॅराव्हॅनला सहा खिडक्या आहेत आणि सहाही खिडक्यांना घड्यांचे पडदे आहेत. पट्टी धरून खाली ओढली की साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या उलगडतात. वर ढकलली की सगळं हातपंख्यासारखं मिटतं. मध्ये जिथे सोडाल तिथे पडदा थांबतो. बाहेर ना साखळी, ना लोंबणारी दोरी. इंटीरियरवाले याला 'प्लीटेड ब्लाइंड' म्हणतात.

मामाचा निगडीत ट्रॅव्हल्सचा धंदा. कोविडमध्ये गाड्या उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा त्याने आपल्या जुन्या ट्रॅव्हलरमध्ये बेड, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. आपण ज्याला सरसकट 'टेम्पो ट्रॅव्हलर' म्हणतो, ती आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गाडी. ही कंपनी २००५ पर्यंत बजाज टेम्पो होती, त्यामुळे 'टेम्पो' हा शब्द काही आमच्या तोंडातून जात नाही.

तीन उन्हाळ्यांत सहापैकी चार पडद्यांच्या दोऱ्या तुटल्या. नवे पडदे बाहेरून मागवायचे तर खर्च मोठा. मामा म्हणाला, "सरळ काचेला फिल्म मारू." पण मोटार वाहन नियमांप्रमाणे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. म्हणजे नियमात बसवायचं तर अर्धा उजेड आत येणारच. दुसऱ्या कुणाला तेवढ्याने फरक पडला नसता. प्रश्न पप्पांचा होता.

पप्पा एकतीस वर्षं फिटर होते. आधी भोसरीत, मग चाकणला. फर्स्ट, सेकंड, थर्ड. आठवडा बदलला की पाळी बदलायची. थर्डच्या आठवड्यात आमच्या दोन खोल्यांच्या घराचे नियमच बदलायचे. आतल्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं, त्याच्यावर चादर. आई कुकर लावायची नाही, भात पातेल्यात शिजायचा. मी आणि ताई खाणाखुणांनी भांडायचो. या पट्ट्यात वाढलेल्या कितीतरी मुलांना 'हळू बोल, पप्पा झोपलेत' हे वाक्य बाराखडीच्या आधी शिकायला मिळालं असेल.

शरीराला दिवस-रात्र कळते ती मुख्यतः उजेडामुळे. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं, हे फळमाशांवर प्रयोग करून शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्याच्या दहा वर्षं आधी, २००७ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचं हे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं होतं. पप्पांना यातलं काही सांगावं लागत नाही. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी दाराच्या फटीतून उजेडाची रेघ आली की त्यांचे डोळे उघडतात. मग ते गॅलरीत जाऊन बसतात.

त्यामुळे मामाने दिवेआगरचा बेत काढला तेव्हा पप्पा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मला गाडीत झोप लागायची नाही." हे वाक्यही आमच्या ओळखीचं होतं. पाळ्यांच्या काळात ते थोडं वेगळं असायचं, 'तुम्ही जाऊन या, मला सुट्टी मिळायची नाही.' आमच्या लहानपणीच्या सहलींच्या फोटोंमध्ये पप्पा जवळजवळ नाहीतच.

मी एक तुटका पडदा काढून घरी आणला आणि जमिनीवर पसरला. त्याचे भाग तीन. वरची पट्टी खिडकीला स्क्रूने पक्की. मग घड्यांचं कापड. खाली सरकती पट्टी, अ‍ॅल्युमिनियमची आणि पोकळ. दोऱ्या दोन. डावी दोरी वरच्या पट्टीतून निघते, प्रत्येक घडीच्या भोकातून खाली येते, खालच्या पट्टीत शिरते, पट्टीच्या पोटातून उजव्या टोकाला जाते आणि तिथून बाहेर पडून खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या खुंटीला अडकते. उजव्या दोरीचा प्रवास बरोबर उलटा. वरच्या पट्टीत दोन छोट्या स्प्रिंगा, दोऱ्यांना ताण देणाऱ्या.

या उलटसुलट प्रवासात एक सुंदर हिशोब आहे. समजा खालची पट्टी वरून क्ष अंतरावर आहे. दोरीची लांबी म्हणजे वरचा भाग क्ष, अधिक खिडकीची रुंदी, अधिक उरलेली उंची, म्हणजे उंची वजा क्ष. बेरीज करा. क्ष उडून जातो. पडदा कुठेही असो, दोरीला लागतात फक्त उंची आणि रुंदी. म्हणून पट्टी सरकवताना दोरी कधी सैल पडत नाही. शिवाय डावं टोक एक इंच खाली गेलं तर त्याच दोरीमुळे उजव्या टोकालाही एक इंच खाली यावं लागतं, म्हणून पट्टी तिरकी होत नाही. आर्किटेक्ट लोकांच्या ड्रॉइंग बोर्डवरची पॅरलल बार याच फुलीच्या दोऱ्यांवर चालते. आणि पट्टी सोडली तिथे थांबते, कारण तिच्या दोन्ही टोकांना दोरी वळते आणि वळणावर घासते.

म्हणजे जे घर्षण पडद्याला धरून ठेवतं, तेच दोरीला झिजवतं.

मी वही घेऊन दोरीची लांबी काढत होतो तेव्हा पप्पा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. त्यांनी तुटलेली टोकं एकेक करून बोटांत फिरवली. म्हणाले, "सगळ्या एकाच जागी गेल्यात. दोरी तुटली नाही रे, कापली गेलीय."

मग सुरू झालं त्यांचं व्हाय-व्हाय. चाकणच्या कुठल्याही प्लांटमध्ये लाइन थांबली की ही चौकशी होते. दोरी का कापली? पट्टीच्या भोकाच्या कडेवर घासली. कडेवर का घासली? भोकात प्लॅस्टिकचं बुश होतं, ते फुटलं. का फुटलं? उन्हाने ठिसूळ झालं. आणि नुसत्या कडेने दोरी का कापावी? पप्पांनी भोकावरून अंगठा फिरवला. "बर काढलेला नाही." ड्रिल मारल्यावर भोकाच्या काठाला धातूची जी बारीक धार उरते, तिला शॉपफ्लोअरवर बर म्हणतात. नुसती दोरी बदलली असती, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तिथेच कापली गेली असती.

हे पाच वेळा 'का' विचारणं टोयोटाकडून आपल्याकडे आलं, आणि त्याचं श्रेय साकिची तोयोदांना दिलं जातं. ते गाड्या नव्हे, माग बनवायचे. १९२४ चा त्यांचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलं जायचं नाही. चुकीचा पार्ट पुढे जाऊ नये म्हणून आज लाइन थांबवतात, त्याचं मूळ त्या तुटलेल्या धाग्यात आहे. हे मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "ट्रेनिंगला सांगितलं होतं. मला थर्ड होती, अर्धं झोपेत ऐकलं."

बारीक गोल कानस आणि पॉलिश पेपर घेऊन त्यांनी सहाही पट्ट्यांची भोकं गुळगुळीत केली. बुशच्या जागी टेफ्लॉन स्लीव्हचे सेंटीमीटरभर तुकडे बसवले. ही नळी इलेक्ट्रिकच्या दुकानात सुटी मिळते, उन्हाने आणि उष्णतेने तिला फारसं काही होत नाही. दोरी मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणली, पॉलिएस्टरची, विणलेली. नायलॉन ताणाखाली जास्त लांबतं, म्हणून ते नको. खिडकी ९० सेंटीमीटर रुंद, ६० उंच. एका दोरीला दीड मीटर, गाठींना वीस सेंटीमीटर. सहा पडद्यांच्या बारा दोऱ्या, २०.४ मीटर. रीळ २५ मीटरचं.

ओवायचं काम आईने हातात घेतलं. जिथे जुनी दोरी शाबूत होती तिथे तिच्या टोकाला नवी बांधून ओढली. तुटली होती तिथे बारीक तार दुमडून सुई केली. "परकराची नाडी ओवतात तसंच की हे," म्हणाली, आणि आम्ही दोघांनी मिळून एक पडदा संपवेपर्यंत तिचे तीन झाले होते.

पहिला पडदा बसवला, तर तो हळूहळू खाली घसरायला लागला. टेफ्लॉन गुळगुळीत, म्हणजे घर्षण कमी. पण घर्षण ताणावरही अवलंबून असतं. पप्पांनी खालच्या खुंट्या एकेक सेंटीमीटर खाली घेतल्या, स्प्रिंग तेवढी जास्त ताणली गेली आणि पट्टी जागच्या जागी थांबली. त्यांनी ती वीसेक वेळा वर-खाली करून पाहिली. मग मामाला फोन लावला आणि म्हणाले, "दिवेआगरला कधी निघायचंय?" मामा म्हणाला, "दाजी, तुम्ही म्हणाल तेव्हा."

दिवेआगरला पप्पा सलग पाच तास झोपले. बाकीचे आठ तास झोपले असतील, पण सकाळी सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं ते पप्पांचे पाच. एकतीस वर्षांची पाळी एका पडद्याने उतरत नाही. घरी आल्यावर ते पुन्हा पहाटे गॅलरीत दिसले. पण या वेळच्या फोटोंत ते आहेत, समुद्राकडे पाठ करून, डोळे किलकिले करून.

उरलेली दोरी पप्पांनी ठेवून घेतली. माझा चुलतभाऊ चाकणला ट्रेनी आहे, खराबवाडीत पाच पोरांमध्ये एक खोली. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एक उठतो तेव्हा दुसरा त्याच गादीवर आडवा होतो. खिडकीला वर्तमानपत्र. पप्पा एकदा त्याच्याकडे गेले होते, तेव्हा कुणाला न सांगता ती खिडकी मोजून आले. ९० बाय १२०. आईने जाड काळ्या कापडाला इस्त्रीने घड्या घातल्या, पप्पांनी अ‍ॅल्युमिनियमचं चॅनेल कापलं, भोकं मारली आणि सगळ्यात आधी बर काढला. एका दोरीला २.१ मीटर, गाठींना वीस सेंटीमीटर. दोन दोऱ्यांचे ४.६ मीटर झाले. रिळात तेवढीच उरली होती.