पाटणच्या गल्लीत घडणारी करुणा

लुंबिनीला जाणारे आपले पुष्कळ उपासक-उपासिका गोरखपूर-सोनौलीवरून नेपाळात शिरतात आणि तथागतांच्या जन्मभूमीला वंदन करून माघारी फिरतात. ज्यांना आणखी दोन-तीन दिवस काढता येतील त्यांनी काठमांडूची बस धरावी. नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले, ते हेच शहर. तेथून बागमतीचा पूल ओलांडला की पाटण लागते. त्याचे दुसरे नाव ललितपूर.

पाटणमध्ये ओकू बहाल नावाचा जुना विहार आहे. बहाल म्हणजे विहार, मधोमध चौक असलेला. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत हातोडी-छिन्नीची टकटक ऐकू येते. येथील शाक्य कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मूर्ती घडवीत आली आहेत. बुद्ध, तारा आणि करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. पाटणचे लोक त्याला करुणामय म्हणतात. आपल्याला तो परका नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच. पाटणच्या मूर्तीत त्याच्या डाव्या हाती कमळाचा देठ असतो, उजवा तळवा देण्यासाठी खाली उघडलेला असतो. विहारासाठी मोठ्या मूर्ती होतात, तशा घरच्या पूजेसाठी वीतभर उंचीच्याही होतात.

मूर्ती आधी मेणाची करतात. मेणात राळ मिसळून बोटे, पाकळ्या, दागिने सारे हाताने घडवतात. मग तिच्यावर माती, शेण आणि भाताचा कोंडा यांचे लेप चढवतात. लेप वाळला की तापवतात. मेण वितळून बाहेर येते. त्या पोकळीत तांब्याचा रस ओततात. निवल्यावर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. पुढे कानस आणि छिन्नीचे काम कित्येक दिवस चालते. याच खोऱ्यातला अरनिको नावाचा कलावंत १२६० साली कारागिरांसह तिबेटात गेला, तेथून कुबलाई खानाच्या दरबारी पोहोचला. बीजिंगमधला त्याचा पांढरा स्तूप आजही उभा आहे.

मूर्तीची सोनेरी चकाकी मात्र महाग पडते. जुन्या रीतीत सोने पाऱ्यात कालवून मूर्तीला लावतात आणि आच देतात. पारा वाफ होऊन उडतो, सोने मागे राहते. ती वाफ विषारी असते. फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांना ती इजा करते. करुणेच्या मूर्तीला झळाळी देणारा कामगारच तो धूर छातीत घेतो. गिरणीतला कापूस आणि खाणीतली धूळ ज्यांच्या घरात शिरली, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी एक गोष्ट आपल्याला खटकेल. बहालच्या संघात परंपरेने शाक्य आणि वज्राचार्य घराण्यांतल्या मुलांनाच प्रवेश असतो. मुलाचे मुंडण करतात, चीवर देतात. चार दिवस तो भिक्खू असतो, मग घरी परततो. इतरांच्या मुलाला ही वाट नाही. विनयपिटकात तर असे सांगितले आहे की, शाक्यकुमारांनी आपला कुळाभिमान मोडावा म्हणून उपाली न्हाव्याला आपल्या आधी दीक्षा द्या, अशी तथागतांना स्वतः विनंती केली. त्याच शाक्यांचे नाव लावणाऱ्यांच्या विहारात जन्म पाहिला जावा, याचे दुःख होते. मूर्तिकामात मात्र आता इतर समाजांचे कारागीरही बसू लागले आहेत. छिन्नीने दार उघडले, संघाचे दारही उघडावे.

तेथे मूर्ती घ्यायची झाल्यास मुलामा नसलेली साधी तांब्याची घ्यावी. ती स्वस्त पडते आणि तिच्यासाठी कोणी पाऱ्याचा धूर घेत नाही. जमल्यास घडवणाऱ्याच्या हाती पैसे द्यावेत. कोणी जुनी मूर्ती म्हणून गळ्यात मारू लागला तर घेऊ नये. या खोऱ्यातल्या विहार-मंदिरांतून अनेक मूर्ती चोरीला जाऊन परदेशी विकल्या गेल्या आहेत, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.

घरी आणल्यावर मुलांना ती कोणी आणि कशी घडवली हे जरूर सांगावे. रोजच्या वंदनेच्या वेळी त्या उघड्या तळव्याकडे पाहताना त्या हातांचीही आठवण राहील.